मोहाच्या फुलावरची राख

ती घटना आजही आठवते, असं मी म्हटलं की आमच्या घरात पोरांना एकदम अभ्यास आठवतो आणि बायकोला दूध उतू गेल्याचा भास होतो. म्हणून आता लिहूनच काढतो. कागद उठून जात नाही.

तेव्हा मी वैनगंगेकाठच्या एका ठाण्यात नवा ठाणेदार होतो. मोहाची फुलं पडण्याचे, वेचण्याचे दिवस. एका सकाळी एक शेतकरी तक्रार घेऊन आला. आदल्या दुपारी तो बाजाराला गेला असताना त्याचा गोठा आतल्या तणसासकट, म्हणजे भाताच्या पेंढ्यासकट जळाला होता. बैलं चरायला गेली होती म्हणून वाचली. संशय शेजाऱ्यावर. दोघांची मोहाची झाडं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लागूनच. कुणाचं फूल कुणाकडे पडलं यावरून भांडण झालं होतं आणि शेजारी चार लोकांत बोलला होता, "तुया गोठ्याले आग लागो!"

मला आणखी काय हवं? पंचनाम्याला गेलो. दोन्ही झाडांखालची जमीन जळून काळी, तिथून गोठ्यापर्यंत काळा पट्टा. शेजाऱ्याच्या खिशात माचिस निघाली. ती मी तोफ सापडल्याच्या थाटात जप्त केली. त्या गावात खिशात माचिस नसलेला माणूस बहुधा मी एकटाच असेन.

ठाण्यात आणून विचारपूस सुरू केली.

"झाडाखालचा पाला तू जाळलास?"

"नाई साहेब. आमी झाडतो, जाळत नाई."

"आणि आग लागो म्हणालास ते?"

"म्हटलं ना. त्यानं माह्या मयतीले लाकूड भेटू नये म्हटलं. ते लिवलं का तुमी?"

हवालदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले. आग लावून नुकसान केल्याचा गुन्हा, जामीन लवकर व्हायचा नाही. तोवर मोहाचा हंगाम संपणार, आणि शेजाऱ्याच्या घरात वेचणारी माणसं दोनच.

त्यातलं दुसरं माणूस, म्हणजे त्याची बायको, दुपारी डबा घेऊन आली. सोबत आणलेली मोहाची टोपली तिनं सरळ माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमी मोह वेचला का कधी?"

"नाही."

"दिसतेच. हा आमचा कालच्या सकाळचा, आग लागाच्या आधीचा. कसा सोन्यावानी हाये पाहा. मोह चिकट रायते. राखेत पडला का राख घेऊनच उठते. आता त्याह्यच्या आंगणातला पाहून या."

गेलो. तक्रारदाराच्या अंगणात मोह वाळत होता, करड्या रंगाचा. एक फूल तोंडात टाकलं. दातांखाली राख करकरली. त्याची म्हातारी आई तिथंच बसली होती.

"बाई, हा कधी वेचला?"

"काल सकाळी ना बापा. परवा सांजेले मीच पाला जाळला. कचऱ्यात फूल दिसत नाई मले."

"विस्तव विझवला होता?"

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. "खोडापाशी जरासा धूर होता... मले वाटलं, विझन."

"मले काहून नाई सांगितलं?" मुलानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. धुमसत्या खोडाला दुपारच्या वाऱ्यानं फुंकर घातली होती, एवढंच.

गैरसमजातून दिलेली तक्रार म्हणून मी कोर्टात 'क' समरी पाठवली. शेजाऱ्याला सोडताना त्यानं माचिस मागितली.

"जप्तीचा माल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही."

"राहू द्या साहेब. बाजूच्या चुलीतला विस्तव आणीन."

बाजूची चूल म्हणजे तक्रारदाराची.

पंचनाम्यात 'काळी राख' हे शब्द मीच लिहिले होते, सुवाच्य अक्षरात. ती राख कुणाच्या फुलांना लागली, हा प्रश्न मात्र मला एका मोह वेचणाऱ्या बाईनं शिकवला. पुढे नोकरीभर कुठल्याही गावात गेलो की आधी विचारायचो, तुम्ही हे काम करता कसं?

चार दिवसांनी तक्रारदाराला समरीची नोटीस द्यायला त्या गावात गेलो. शेजाऱ्याची बायको खापरात निखारे घेऊन खरंच त्याच अंगणातून निघाली होती. मागून म्हातारी ओरडली, "सांभाळून ने वं बाई! गोठा एकच होता आमचा!"