रायभानचं बंधुमंडळ

रायभान चुडाव्याजवळच्या वाडीतला, मेंढपाळाचा पोर. नांदेडला कॉलेज निघालं तेव्हा तिथं शिकायला गेलेला तो त्यांच्या समाजातला पहिलाच. घोंगडीचा वास येतो म्हणून वर्गातली पोरं त्याच्यापासून सरकून बसायची. पुढं त्याच्यासारखे आणखी तिघं आले. चौघांनी एक खोली भाड्यानं घेतली, एका तव्यावर भाकरी भाजल्या आणि खोलीला नाव दिलं, बंधुमंडळ. नियम एकच होता. पुढं गेलेल्यानं मागचा एक आणायचा.

मास्तर झाल्यावर रायभाननं आपल्याच वाडीतल्या येडबाला आणलं. येडबाला बाप नव्हता. आई कासाबाई एकटी मेंढरं वळायची. येडबाची शेवटची परीक्षा सुरू होणार, तोच कासाबाईचा पाय मोडला. रायभान रजा टाकून वाडीवर गेला.

"परीक्षा होस्तोवर मेंढरं मी वळतो, मावशी. येडबाला बोलवू नका."

"तुला एकट्याला आवरतील का? चारा न्हाई, लय भुकेजलेत."

"आवरतील की."

त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. काढलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना हिरवे फुटवे आले. ते कोवळे फुटवे म्हणजे मेंढरांना विष, हे रायभानला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तो लांबच्या वाटेनं निघाला. पण हिरव्याचा वास लागला आणि कळप उधळून त्या रानात घुसला. तो धावला, काठीनं झोडपलं, हाताला लागतील तेवढी बाहेर ओढली. एक ओढावं तर दहा आत. मग पोटं फुगली. मेंढरं थरथरत त्याच्यासमोर आडवी होऊन मरत गेली, आणि त्याला नुसतं बघत बसावं लागलं.

 खबर कळताच येडबा उरलेले पेपर सोडून आला.

"परत जा," रायभान म्हणाला. "मावशीचं मी बघतो."

"आता काय बघतूस, दादा? बघायला राह्यलंय काय?"

कासाबाईचा कळप पुन्हा उभा करायला मंडळातली पोरं पाहुण्यारावळ्यांत मेंढ्या मागत फिरली. पण साऱ्यांचेच कळप आटले होते. दोन कोकरं मिळाली.

येडबा चुडावा स्टेशनवर पोती उचलायला लागला. मंडळाच्या वार्षिक बैठकीला निघालेला रायभान त्याला तिथं भेटायचा.

"यंदा किती पोरं हायत?" येडबानं एकदा विचारलं.

"खोली पुरंना झालीय."

"बरं हाय," म्हणून येडबानं पोतं पाठीवर घेतलं. रायभान हात द्यायला पुढं झाला, तोवर येडबा चालू लागला होता. गाडी आली, तसा रायभान डब्यात चढला.