शीळ कोण घालतं?

माझं काम ऐकायला सोपं वाटतं. एखाद्या ठिकाणी जायचं, तिथे कोण काय करतं ते माणसांना विचारायचं, मग शेजारी बसून स्वतः बघायचं, शेवटी छापील प्रश्न भरून घ्यायचे आणि प्रत्येक कामाचं वर्णन मालकाला लिहून द्यायचं. आई म्हणते, लोकांच्या कामात नाक खुपसायचा पगार मिळतो तुला. खोटं नाही ते.

धसईजवळच्या भाताच्या गिरणीत गेले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. शहापूरहून किन्हवलीमार्गे पोहोचेपर्यंत एसटीने हाडं खिळखिळी केली होती. गिरणी सुरू असली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून मुलाखती जेवणाच्या सुट्टीत घेतल्या.

"मी यंत्र चालवतो," एकजण म्हणाला. "तांदूळ तुटाय लागला का शीळ येते. मंग मी रोलर ढिला करतो."

"शीळ कोण घालतं?"

त्याने तांदूळ पडतो तिथल्या स्टुलाकडे बोट केलं. "तो. तांदूळ हातावर घेऊन बघतो ना तो."

स्टूल रिकामं होतं. भात ओतणाऱ्या बायकांनीही तेच सांगितलं. शीळ आली की ओतणं थांबवायचं, आणि शीळ तो घालतो.

"कुठे गेलाय तो?"

"असंल हितंच," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण लावलं.

दुपारी मी एका पोत्यावर बसून बघत होते. कोंड्याच्या धुरळ्यात माणसं अर्धीच दिसत होती. आणि शीळ आली. तोंडात बोटं घालून घातलेली, यंत्राचा आवाज चिरत जाणारी. बायकांचे हात थांबले, यंत्रवाला वाकला. स्टुलावर कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा शीळ आली तेव्हा मी त्या स्टुलाकडेच टक लावून बसले होते. मी वही मिटून ठेवली.

संध्याकाळी कल्याणला मालकाला फोन केला.

"तो? तो भाद्रपदात गेला, काविळीने," मालक म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. विचारलं की सगळे म्हणतात, तोच करतो. डोकी फिरलीत का यांची? ते काम कोणी करत नसेल, तर संक्रांतीपासून भिवंडीचा माणूस बसवतो."

परतीच्या एसटीत ती शीळ कानातून जाईना. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या संध्याकाळी खिडकीच्या काचेत बघायचं मी टाळलं.

दुसऱ्या दिवशी छापील प्रश्न वाटले. सगळ्यांचं उत्तर एकच, तो. मला रागच आला. मी उठले आणि स्टुलालगतच्या पोत्यांच्या थप्पीमागे गेले. तिथे पोत्यांची तोंडं शिवणारी बाई बसली होती. तिचा डावा हात थप्पीतल्या फटीतून पडत्या तांदळाखाली होता. तिने मूठ उघडून बघितलं, दाभण पोत्यात खोचला, तोंडात दोन बोटं घातली आणि शीळ घातली. मग मी दिसले. तिने झटकन तोंडावर पदर ओढला.

ती त्याची बायको. यंत्राच्या आवाजात तिने माझ्या कानाशी तोंड आणून ते सांगितलं.

"कुनाला सांगू नका, ताई. बाईमानसानं शीळ घालायची म्हंजे... घरात सासू हाय."

गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या अब्रूसाठी त्यांनी तिची शीळ त्याच्या नावावर ठेवली होती.

"पण घालता तर तुम्हीच."

"मी नाय. त्यांचीच हाय ती," ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. "ती वाजली का वाटतं, हायेत हितंच."

तरी मला सांगणं भाग होतं. "तो करतो असं मी लिहिलं, तर जागा रिकामी ठरेल. संक्रांतीला त्या स्टुलावर परका माणूस बसेल. मग शीळही त्याचीच."

तांदूळ पडत होता. तिने सवयीने मूठ भरली, उघडली. तळहातावर निम्मी कणी होती. बोटं ओठांपर्यंत गेली आणि तिथून परत आली. ती उठली, थप्पीला वळसा घालून गिरणीच्या मध्यात उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "थांबवा गो! तुटतोय!"

बायका थांबल्या, पण लगेच नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हातारीने जमिनीवर बसकण मारली आणि हंबरडा फोडला, घरातून मयत उचलताना फोडतात तसा.

"ढिला कर रे," शिवणारी बाई यंत्रवाल्याला ओरडून म्हणाली. त्याने डोळे पुसले आणि रोलर ढिला केला. मग ती त्या स्टुलावर जाऊन बसली.

"लिवा, ताई," ती म्हणाली. "मी करते."

ती जागा तिला मिळाली. शीळ त्या गिरणीत पुन्हा कोणी घातली नाही. मी मात्र आजही कुठेही गेले तरी हाच प्रश्न विचारते, हे काम कोण करतं? आणि उत्तर येईपर्यंत माझे कान त्या शिळेकडे लागलेले असतात.