भरोसा नको म्हणणारे बिसेन सर

फुलचूरच्या बिसेन सरांची आणि माझी पहिली ओळख तांदळावरून झाली. महाविद्यालयात त्यांनी कुणाकडून तरी भरून आणलेल्या दोन सारख्या पुड्या टेबलावर ठेवल्या. एकीत सुवासिक चिन्नोर, दुसरीत बिनवासाचा साधा तांदूळ. सरांना वास येत नाही. "हे वेगळे आहेत, हे मला पटवा. पण चिन्नोर कोणता, ते सांगायचं नाही," म्हणाले. मी पुढे झाले. सर पुड्या पाठीमागे नेत, कधी अदलाबदल करत, कधी नाही. मी वास घेऊन 'बदलल्या' किंवा 'नाही बदलल्या' एवढेच सांगे. बऱ्याच वेळाने सर हसले, "पटलं! आणि चिन्नोर कोणता, ते मला अजून ठाऊक नाही." गुपित न उघडता खरेपणा पटवायचा, हा झीरो-नॉलेज प्रूफचा माझा पहिला धडा.

सर शांत आहेत असा कुणाचा समज असेल, तर तो सोडावा. त्यांच्यासोबत काम करताना जिवाला स्वस्थता नसते. नागऱ्याजवळच्या महिला बियाणे गटासाठी आम्ही ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून कुणालाच खाडाखोड करता न येणाऱ्या सामाईक वहीत, नोंदणी उभारली. बियाणे कसोटीला उतरले हे व्यापाऱ्याला पटावे, पण ते कोणत्या घरचे हे कळू नये, अशी व्यवस्था. ती सुरू करताना एक गुप्त आकडा तयार होतो. तो अख्खा ज्याच्या हाती लागेल, तो खोटे पुरावे बनवू शकतो. म्हणून गटातल्या प्रत्येकीने त्या आकड्यात आपला तुकडा घालायचा आणि लगेच पुसायचा. एकीने जरी इमानाने पुसला, तरी आकडा कुणालाच सापडत नाही.

हा आकडा तयार करण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे येऊन बसले होते. गटाच्या अध्यक्ष अनुसयाबाई वैतागल्या, "सर, तुमीच करून टाका न! काऊन इतक्या बायकायले बसवून राहिले? आमचा भरोसा हाय तुमच्यावर."

सरांचा चेहरा उतरला. "त्याचंच भेव वाटते, बाई. उद्या माही नियत फिरली त? तुमच्या बियाण्यावर कोन इस्वास ठेवन?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. कार्यक्रम रद्द! पाहुण्यांना चहा देताना मी मनातून जाम चिडले होते. माझा राग ओळखून सरांनी परतताना समोसे खाऊ घातले, पण माघार घेतली नाही.

ते पुन्हा गेले, पुन्हा समजावले. अखेर एकेक बाई लॅपटॉपसमोर बसली, तिने मनाला येतील ती बटणे दाबून आपला तुकडा घातला आणि लगेच पुसला. अनुसयाबाईंनी तर सरांना जवळ उभेही राहू दिले नाही.

"तिकडे व्हा, सर. तुमचा का भरोसा?"

सरांना इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

आता सर साठ वर्षांचे होत आहेत. त्या बायकांचे सरांवाचून अडत नाही. माझे अडते. म्हणून त्यांना ठणठणीत शंभर वर्षे लाभोत, हे मी निव्वळ स्वार्थाने मागते.