काकांच्या दोन रेघा

आमच्या वहिनी पारखल्याशिवाय काही घेत नसत. गाडीवरची भेंडी जशी शेंडा मोडून बघायच्या, तसंच त्यांनी वंशावळीचं सॉफ्टवेअरही मोडून बघितलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कंपनीत असलेल्या माझ्या थोरल्या भावानं घरात कॉम्प्युटर आणला आणि तो त्यावर पत्ते खेळत बसायचा. वहिनींनी त्याच कॉम्प्युटरवर घराण्याची वंशावळ करायला घेतली. मला ते रिकामटेकडं काम वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. "भाऊजी, तुमच्या पणजीचं नाव सांगा बघू," एवढंच त्या म्हणायच्या. मला ते येत नव्हतं, अजूनही चटकन येत नाही.

असे प्रोग्रॅम तेव्हा मासिकाबरोबरच्या सीडीवर फुकट मिळत, नाहीतर सायबर कॅफेतून फ्लॉपीवर उतरवून आणावे लागत. प्रत्येकजण आधी स्वतःचं नाव भरतो, मग आईबापांचं. वहिनींची रीत उलटी होती. त्या आधी घराण्यातली अवघड प्रकरणं घालत. जो प्रोग्रॅम त्यांत पास होईल, तोच घरात राहणार. एकात त्यांनी मामाच्याच घरात सून म्हणून आलेली आत्याची मुलगी घातली, तर त्यानं लगेच धोक्याची पाटी लावली. "घ्या, याला आमची सोयरीक पसंत नाही," म्हणत वहिनींनी तो काढून टाकला. दुसरा तिथे तरला, पण काकांपाशी अडला.

हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. आजोबांच्या भावाला मूलबाळ नव्हतं, तो सटाण्याकडे शेतीवर असायचा. काका नुकते चालायला लागले होते, तेव्हा त्यांना तिकडे दत्तक दिलं. त्या दिवसापासून जन्म देणारी आई, म्हणजे माझी आजी, त्यांची काकू झाली. जन्मभर ते तिला काकूच म्हणाले. ती गेली तेव्हा दहाव्याला ते पुतण्यांमध्ये उभे होते. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, रीतच तशी. पण मला त्या रीतीचा राग येतो, तेव्हाही आला होता.

तर त्या दुसऱ्या प्रोग्रॅमला काकांचे दत्तक आईवडील दिले, की तो विचारायचा, आधीचे पुसू का? "तू कोण रे पुसणारा," असं त्याला सुनावून वहिनींनी त्याचीही बोळवण केली. तिसऱ्यानं मात्र काकांना दोन्ही आईबाप दिले, दोन्हीकडे सारख्या जाडीच्या रेघा ओढून. मग वहिनी कामालाच लागल्या. पत्रं, फोन, लग्नकार्यात म्हाताऱ्या बायकांशेजारी बसणं, सगळं केलं. त्यांच्या चिकाटीला तोड नव्हती.

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काका आमच्याकडे राहायला आले. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर वहिनींनी त्यांना वंशावळ दाखवली. कुठलीही दोन माणसं निवडली, की त्यांचं नातं सांगण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. वहिनींनी काका निवडले आणि आजी निवडली. पडद्यावर इंग्रजीत एक शब्द उमटला.

"काय लिहिलंय, सूनबाई?"

"आई."

काका पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "परत दाब ना."

त्यानंतर दोनेक वर्षांनी अमेरिकेतल्या आतेभावानं नाशकात घराण्याचं संमेलन ठरवलं. वंशावळीचा भिंतभर कागद तो त्याच्या प्रोग्रॅममधून छापणार होता. सगळ्या प्रोग्रॅमना वाचता येते अशी एक साधी फाईल असते, तशी करून वहिनींनी माहिती पाठवली. त्यानं नमुना परत धाडला. वहिनींनी सगळ्यात आधी काका शोधले. दत्तक घराची रेघ होती, आजीकडची गेली होती. आजी पुन्हा काकू झाली होती.

आतेभाऊ म्हणाला, "माझ्या प्रोग्रॅममध्ये एकच जोडी बसते. एवढ्या माणसांत एका रेघेनं काय होतंय, वहिनी?"

"ती रेघ बसत नसेल, तर बाकीची माणसंही काढून टाका," वहिनी फोनवर शांतपणे म्हणाल्या.

तो चिडला, दोन दिवस बोलला नाही. पण माणूस सरळ. त्यानं आपला प्रोग्रॅम सोडून वहिनींचा घेतला. त्यात त्याच्याकडचे फोटो आणि टिपणं आली नाहीत, ती त्यानं पुन्हा एकेक करून हातानं चढवली. मला दोघांचंही फार कौतुक वाटलं.

संमेलनाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या भिंतीवर तो कागद लावला होता. जो तो स्वतःला शोधत होता. काकांनी स्वतःचं नाव शोधलं, मग तिथून वरची रेघ धरून बोट आजीच्या नावावर नेलं आणि तिथेच ठेवलं. त्यांच्या गावाकडून आलेल्या एका बाईनं विचारलं, ही तुमची कोण?

आमच्याशी काका नेहमी शहरी मराठी बोलत. तेव्हा मात्र गावच्या अहिराणीत म्हणाले, "मनी माय शे."