अव्वा बिअर गार्डनला आली ती संध्याकाळ

आमच्या वडिलांची, आप्पांची, बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. रस्त्यावरून नुसतं चालायचा त्यांना भारी कंटाळा. मग त्यांच्या एका दुकानदार मित्रानं त्यांना गोल्फच्या मैदानावर नेलं, आणि कापडाच्या दुकानात गादीवर उभा जन्म काढलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर चेंडूमागं चालायला लागला. हळूहळू बऱ्यापैकी खेळायलाही लागला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात मैदानावर स्पर्धा झाली, तीत आप्पाही उतरले. शेवटच्या संध्याकाळी खेळाडूंच्या घरच्यांसाठी तिथल्याच हिरवळीवर कार्यक्रम ठेवला होता. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते, आई-वडिलांजवळच राहत होते. निमंत्रण मीच वाचून दाखवलं : 'बिअर गार्डन. सहकुटुंब यावे.'

अव्वा, म्हणजे कन्नड बोलणाऱ्या घरातून आलेली आमची आई, ज्वारीचं पीठ चाळत होती. तिचा हात थांबला.

"दारूच्या बागेत सहकुटुंब? छापायला लाज न्हाय वाटली?"

आम्ही लिंगायत, घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. पण अव्वाचा राग तेवढ्यापुरता नव्हता. शिरोळला शेती करणारा तिचा धाकटा भाऊ दारूपायी चाळिशीच्या आत गेला होता. मामीनं नवऱ्याचं पिणं सगळ्यांपासून झाकून ठेवलं, वेळेवर सांगितलं असतं तर तो वाचला असता, असं अव्वाच्या मनानं घेतलं. त्यानंतर कित्येक वर्षं ती माहेरी गेली नाही. मामाचा विषयही घरात कुणी काढत नसे.

"तू येत न्हाईस, तर मी बी जात न्हाय," आप्पा म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं. आणि पेपर वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी चहा देताना अव्वा म्हणाली, "जाऊया. पर मी तिथलं पाणीसुदीक पिणार न्हाय."

खरंच तिनं घरची पाण्याची बाटली घेतली, चिवड्याचा डबा घेतला, आणि ठेवणीतलं इरकल नेसून निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. रंगीत छत्र्यांखाली टेबलं मांडलेली, एका बाजूला भज्यांची कढई, पोरांसाठी झोपाळे. काही पुरुषांपुढं बिअरचे ग्लास होते, पण शेजारी बायका, म्हाताऱ्या आया, लहान मुलंही होती. अव्वा खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली.

आप्पांचा तो मित्र ग्लास घेऊनच आमच्या टेबलापाशी आला. "वैनी, आलासा! लई बरं वाटलं!"

पलीकडच्या टेबलावरून त्याची बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, एकच म्हणाला होता न्हवं? ह्यो दुसरा हाय!"

आजूबाजूचे सगळे हसले. तोही ओशाळून हसला, ग्लास तिथंच ठेवला आणि भजी आणायला गेला.

अव्वा हसली नाही. ती त्या बाईकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चारचौघांत बोलली बघ. आणि त्यानं ऐकलं."

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"आमचा धाकटा उसात लपून प्यायचा. त्या बिचारीनं कुणापुढं बोलायचं? माझ्यापुढं बोलली असती, तर माझ्या भावाची बदनामी करती म्हणून मीच तिला झाडलं असतं."

एवढ्या वर्षांत मामाबद्दल तिच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. आप्पांनी भज्यांची बशी तिच्यापुढं सरकवली. तिनं एक उचललं, पदरानं डोळे पुसले आणि खाल्लं.

बक्षिसं वाटून झाली. आप्पांना काहीच मिळालं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. अव्वानं लांब बोट दाखवून विचारलं, "ते झेंडं कशाला लावल्यात?"

"चल, दाखवतो," म्हणून आप्पा उठले. एरवी रस्त्यानं ते नेहमी चार पावलं पुढं असायचे. त्या दिवशी निऱ्या सावरत चालणाऱ्या अव्वाच्या चालीनं ते चालले, हातवारे करत तिला खेळ समजावत. मी खुर्चीवर बसून दोघांच्या पाठमोऱ्या आकृत्या बघत राहिले.

पुढच्या रविवारी अव्वा मला घेऊन शिरोळला गेली. मामी दारात कपडे वाळत घालत होती. आम्हाला बघून तिचे हात थबकले.

"वन्सं, आता आठवण झाली व्हय?"

"व्हय. लई उशीर झाला," अव्वा म्हणाली. "काय बोलायचं ते बोल, पर आत घे."

मामीनं हातातलं लुगडं दोरीवर टाकलं. मग दारातून बाजूला झाली.

त्या जूनमध्ये मामेबहीण कॉलेजसाठी आमच्याकडं राहायला आली. तिला भेटायला मामीच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि शेंगाच्या चटणीत लसूण किती घालायचा यावरून नणंद-भावजय स्वयंपाकघरात मोठमोठ्यानं, कन्नडमधून, भांडायला लागल्या.