अण्णांची सुरगाठ

परळीच्या फलाटावर वडील मला निरोप द्यायला आले ते शाळेच्या शिपायाच्या खाकी कपड्यांत, खिशात झेंडूच्या पाकळ्या भरून. तारीख सतरा सप्टेंबर. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला तो दिवस. आणि मी निघालो होतो निजामाच्याच हैदराबादला, तिथून विमानाने इंग्रजांच्या देशात, नर्सच्या नोकरीवर. एकाच प्रवासात दोन्ही जुन्या मालकांच्या दारात जाणारा बीड जिल्ह्यातला मी बहुधा पहिलाच. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, त्या पाकळ्यांचा किस्सा आता सांगूनच टाकतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेलगावच्या अलीकडच्या आमच्या गावात शाळेचे शिपाई. झेंड्याच्या घडीत पाकळ्या भरायच्या आणि ती घडी सुरगाठीने अशी बांधायची की पाहुण्यांनी एक झटका दिला की झेंडा फडकला पाहिजे, हे काम त्यांचं. दोरी मानकऱ्याच्या हातात, गाठ अण्णांची. आपण मराठवाड्याची माणसं वर्षातून चारदा झेंडा लावतो, त्यामुळे हात चांगलाच बसलेला.

त्या सकाळी शाळा समितीचे नवे अध्यक्ष तात्या अण्णांना म्हणाले, "याकोबा, आज तू राहू दे. तुमचा धर्म इंग्रजांचा. स्वातंत्र्याच्या झेंड्याला तू काहून हात लावतो?" आणि गाठ त्यांनी स्वतः मारली. निरगाठ. बैल दावणीला बांधावा तशी आवळून.

सगळे ताठ उभे. तात्यांनी दोरी ओढली. झेंडा वर गाठोड्यासारखा लोंबकळत राहिला. पुन्हा ओढली. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, निजाम बी इतका चिवट नव्हता."

मग सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णा जागचे हलले नाहीत. दुपारची गाडी, सामान दारात, आणि बापाची नोकरी तात्यांच्या मर्जीवर. अण्णा सावकाश माइकपाशी गेले.

"तात्या, आपल्या गावावर इंग्रज कवा होता? निजाम होता. मग मी इंग्रजाचा कसा? माझ्या बापानं निजामाच्याच राज्यात बाप्तिस्मा घेतला. तवर त्यो तुमच्या आळीतून चपला हातात घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी पायात घालून गेला. राज्य तेच, शिपाई तेच, तुमच्या आज्याची काठी बी तीच. मार लई खाल्ला, पर चपला काढल्या न्हाईत. आमच्या घरात स्वातंत्र्य गावाच्या आधी आलंय, तात्या. अन् गाव सुटलं तवा त्यानंच पयली साखर वाटली. झेंडा माझा हाय, क्रूस बी माझा हाय. गाठ सोडतो. पर हितून पुढं ती मीच बांधणार, असं तुमी माइकवर म्हणा."

तात्या म्हणाले. पुटपुटलेच खरं तर. पण आमचा तो माइक, जो पाहुण्यांच्या भाषणात हमखास बंद पडायचा, त्या दिवशी वेशीपर्यंत घुमला. अण्णांनी झेंडा खाली घेतला, नखांनी निरगाठ सोडवली, नवी गाठ मारली. तात्यांनी ओढलं आणि फुलं थेट त्यांच्या टोपीवर पडली. खाली सांडलेल्या पाकळ्या अण्णांनी खिशात घातल्या, त्याच दुपारी फलाटावर माझ्या ओंजळीत दिल्या आणि म्हणाले, "देशाला सुटका एकदा मिळाली, पोरा. आपली दुसरी सुटका रोज सकाळी उठून पायात घालावी लागती."

इथे आलो तर निराळीच गंमत. तात्या ज्याला इंग्रजांचा धर्म म्हणत, त्याची इंग्रजांनाच फारशी खबर नव्हती. आमच्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये गालिच्यांचं दुकान आहे. शेजारच्या डोरीनबाईंनी विचारलं, "तू इथे आल्यावर ख्रिस्ती झालास का?" म्हटलं, "नाही बाई, ते आज्यानेच उरकलं, तुम्हा कुणाला न विचारता." गावच्या शाळेत पोरं मला ख्रिस्ती म्हणून 'पाववाला' चिडवायची. आता खरोखरच टोस्ट खाऊन शिफ्टला जातो, पण डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असतो. इथल्या भारतीय मंडळाने पहिल्याच वर्षी मला सांगितलं, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग इंग्रजी भाषण तुम्ही करा." मी म्हटलं, "भाषण कुणालाही द्या. गाठ मी बांधणार."

सतरा सप्टेंबरला मात्र मंडळ झोपलेलं असतं. मग मी घरामागच्या अंगणात बांबू रोवतो. डोरीनबाई कुंपणावरून म्हणतात, "तुमचा दिवस ऑगस्टमध्ये झाला ना?" मी सांगतो, "तो देशाचा. हा मराठवाड्याचा. तिसरा आमच्या घराचा, त्याला तारीख नसते."

घर कुठलं, असं तिकडचेही विचारतात, इकडचेही. जिथे मला कुठल्याच स्वातंत्र्याचा दाखला दाखवावा लागणार नाही, ते माझं घर. तसं गाव मला तिकडे मिळालं नाही, इकडेही नाही. म्हणून मी वाट बघायचं सोडून दिलं. आता जिथे उभा राहतो तिथेच झेंड्यासाठी खड्डा खणतो.

या वर्षी बांबूजवळ फोन खुर्चीवर टेकवून ठेवला होता. पडद्यावर बाजेवर बसलेले अण्णा, मागे भिंतीवर क्रूस. आता त्यांचे हात थरथरतात, पण खाकी कपडे इस्त्रीचे.

"लई आवळली न्हाईस ना?"

"न्हाई अण्णा."

"चपला हायत पायात?"

मी फोन उचलून पाय दाखवले.

"मग ओढ."