फाटकावर टांगलेली जीन्स

आमच्या दाजींची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या जीन्सवरून झाली. त्या वेळी दाजी तिच्यात नव्हते.

आधी घरचं सांगतो. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा आहे. माझ्या बारशालाच बाबांनी पत्रक छापलं होतं : ‘बाळास झबली-टोपडी आणू नयेत, पुस्तके आणावीत.’ लोकांनी ऐकलं. (आई सांगते, पहिला हिवाळा मी बाबांच्या मफलरमध्ये काढला.) बहिणीचं नाव क्रांती, माझं संघर्ष. नांदेडच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं नाही की बाबा निषेधाचं पत्रक काढतात आणि आलं की आभाराचं. त्यांच्या खिशात चष्मा नसेल, पण पत्रक असतंच.

अशा घरातल्या मुलानं मोठेपणी कशावर तरी रागवायला हवंच. मी कपड्यांवर रागावलो. एका जीन्ससाठी किती पाणी लागतं ते मी वाचलं आणि हादरलो. आपण टँकरची वाट बघणारी माणसं, आणि कमरेला टाक्याच्या टाक्या गुंडाळून फिरतो! मी त्याच दिवशी शपथ घेतली : नवा कपडा विकत घेणार नाही. जुन्या जीन्स उसवायच्या आणि त्यांतून नवे कपडे शिवायचे, स्वतःच्या हातानं, आईच्या मशीनवर. माझं म्हणणं आजही तेच आहे. फक्त आता ते मी जरा हळू आवाजात म्हणतो.

पहिला शर्ट शिवला, तो आई पिशवी समजून बाजारात घेऊन गेली. बाह्यांना गाठी मारून तिनं त्यात बटाटे आणले. वर म्हणाली, चांगली मजबूत झाली. मी खचलो नाही. लगेच जॅकेटला हात घातला. बाबांच्या आणि माझ्या जुन्या जीन्समधून पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, बाह्यांना मात्र कापड उरलं नाही. मग आमच्या घरात अशा वेळी जे करतात ते मी केलं. पत्रक काढलं.

‘नवा कपडा, नवी गुलामी’ असा मथळा होता. खाली आवाहन : ‘आपल्या जुन्या जीन्स रविवारी सकाळी फाटकावर टांगाव्यात. कार्यकर्ता येऊन घेऊन जाईल. फाटकावर टांगलेली प्रत्येक जुनी जीन्स समाजाची आहे!’ कार्यकर्ता म्हणजे मी. संघटनेत दुसरं कुणी नव्हतं. गल्लीतल्या घराघरांत मी पत्रक टाकलं.

आता आमच्या गल्लीची एक रीत आहे, ती जन्मापासून माझ्या डोळ्यांसमोर होती. ओली जीन्स टाकली की वाळवणाची दोरी जमिनीला टेकते. म्हणून पातळ कपडे दोरीवर आणि जाड कपडे फाटकावर, हे सगळ्या गल्लीला पाठ आहे. माझ्याही घरी तसंच चालतं. पण पत्रक लिहिताना माणसाला घर आठवत नाही, समाज आठवतो.

त्याच रविवारी ताईला बघायला लातूरचा मुलगा येणार होता. मिलिंद त्याचं नाव, लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुमनमावशींचा सख्खा भाचा, त्यामुळे स्थळ त्यांनीच आणलेलं. ताई देगलूरच्या एका शाळेत शिक्षिका. तिनं आणि मिलिंदनं फोनवर बोलून बघितलं होतं, आणि फोन ठेवल्यावरही ताई हसत बसायची. याआधीची स्थळं माझ्यामुळे गेली होती. मी काही वाईट केलं नव्हतं. पाहुणे बसले की हुंड्यापासून जातिअंतापर्यंत त्यांची मतं विचारायचो, बस. एकजण तर चहा यायच्या आत बसस्टँडवर पोचला होता.

शनिवारी ताईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

“संघू, मला हा मुलगा आवडलाय,” ती म्हणाली. “उद्या तू एक शब्द बोलायचा नाहीस.”

“आणि त्याचे विचार चुकीचे निघाले तर?”

“तर मी बघीन. मला काय तोंड नाही?”

तिचे डोळे भरल्यासारखे दिसले. मी वचन दिलं. मनात ठरवलं, बोलायचं नाही, फक्त जॅकेट घालून बसायचं. बोलायचं ते जॅकेट बोलेल.

रविवारी सकाळी मी गल्लीतून फिरलो. एका फाटकावर गुडघे फाटलेली जीन्स मिळाली, दुसऱ्यावर चेन गेलेली. दोन्ही विटलेल्या, बाह्यांच्या लायकीच्या नव्हत्या. आणि सुमनमावशींच्या फाटकावर? दणकट, निळीशार जीन्स, तीही धुतलेली! थोडी ओलसर होती. मला भरून आलं. दान देतानाही धुऊन देणारी माणसं अजून आहेत म्हणायची. मागच्या खिशावर मोठा लाल डाग होता. म्हणूनच दिली असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि जीन्स खांद्यावर टाकून निघालो.

पायांच्या मी बाह्या केल्या. जीन्सच्या बाजूची शिवण इतकी जाड असते, की तिथं आईच्या मशीननं आधी सुई मोडली, मग पट्टा सोडला. आई दारात येऊन बघून गेली.

“पाव्हणे यायची वेळ झाली अन् तू काय करून राहिलास?”

मी म्हणालो, इतिहास घडवून राहिलो. ती म्हणाली, घडव, पण नंतर चिंध्या उचल.

डागाचा खिसा मी नेमका हृदयावर बसवला. जॅकेट अंगात घातलं आणि एक छोटी अडचण लक्षात आली. पायाच्या बाह्या केल्यामुळे जिथं गुडघा होता तिथं माझं कोपर आलं नव्हतं, आणि जाड शिवण बरोबर कोपरात आली होती. हात वाकेनात. दोन्ही हात पुढं काढून मी बुजगावण्यासारखा बैठकीत जाऊन बसलो. ताईनं मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

पाहुणे यायला फार उशीर झाला. शेवटी आले तेव्हा पुढं सुमनमावशी, मागं त्यांचे यजमान, आणि त्यांच्या मागं एका हातानं कंबर धरून मिलिंद. अंगात छान पांढरा शर्ट, आणि खाली काकांची पँट. काका अंगानं भरलेले. त्या पँटमध्ये मिलिंद आणि आणखी एक मिलिंद मावला असता. त्यानं जयभीम केला तोही एकाच हातानं. दुसरा हात पँटनं अडकवला होता.

मावशींनी बसायच्या आधीच कहाणी सांगितली. येताना एसटीत शेजारणीच्या पिशवीतली तेलाची बाटली पोराच्या मांडीवर उलटली. एका रात्रीसाठी आलेला, दुसरी पँट आणली नव्हती. मावशींनी पहाटे उठून जीन्स धुतली, उन्हात टाकली, आणि भरदिवसा कुणीतरी लंपास केली.

हे ऐकून माझं रक्त उसळलं. वचन होतं, पण अन्यायापुढं गप्प बसायचं वचन मी दिलं नव्हतं.

“आपल्या गल्लीत चोरी?” मी उठून उभा राहिलो. “मावशी, मी उद्याच चोराविरुद्ध पत्रक काढतो.”

बाबांनी अभिमानानं मान हलवली. ताईनं आतून दारावर टकटक केलं. पण मी आता थांबणारा नव्हतो. पाहुण्यांचं मन चोरीवरून दुसरीकडं वळवावं, म्हणून मी त्यांना जॅकेट दाखवलं. पाणी, कापूस, कारखाने, सगळं सांगितलं. मग न वाकणारा हात कसाबसा छातीकडं वळवत त्या लाल डागाशी आलो.

“हा डाग बघा,” मी म्हणालो. “कुणा अनाम कष्टकऱ्याचा हा डाग आहे. त्याच्या घामाचा, कदाचित रक्ताचा. तो मी अभिमानानं हृदयावर वागवतो.”

मिलिंद वाकून डागाकडं बघत होता. आवाज मऊ होता त्याचा.

“मार्करचा आहे तो,” तो म्हणाला. “वर्गात फळ्यावर लिहायचा. खिशात टोपण निघालं होतं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी त्यावर बसलो होतो.”

बैठकीत आता फक्त आत चुरमुऱ्यांच्या सुशीलासाठी फोडणीत तडतडणाऱ्या मिरच्या ऐकू येत होत्या. सुमनमावशी उठल्या, माझी बाही चिमटीत धरून त्यांनी शिवण बघितली, कापडाचा वास घेतला. तेलाचा वास अजून गेला नव्हता. त्या बाबांकडं वळल्या.

“गुरुजी, मी लई भरवशानं स्थळ आणलं होतं हो. आता ह्याच्या माईला काय सांगू? पोरगी बघायला गेला अन् पँट गमावून आला म्हणून?”

आयुष्यात पहिल्यांदा बाबांपाशी प्रसंगाला साजेसं छापील काही नव्हतं. आणि मला दारात ताई दिसली. हातात चहाचा ट्रे, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं. हेही स्थळ मी घालवलं, आणि या वेळी तर एकही प्रश्न न विचारता.

ताई पुढं आली. ट्रे ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “हा मूर्ख आहे. पण चोर न्हाई.”

माझ्याबद्दल इतकं चांगलं तोवर कुणी बोललं नव्हतं.

मिलिंदनं बाबांना विचारलं, “ते पत्रक आहे का एखादं?”

बाबांचा हात आपोआप खिशात गेला. मिलिंदनं ते पेपर तपासल्यासारखं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

“मावशी, यात यांची चूक नाही,” तो म्हणाला. “फाटकावर टांगलेली प्रत्येक जुनी जीन्स, असं स्पष्ट लिहिलंय. ती फाटकावर होती. आणि जुनी तर होतीच, कॉलेजपासून वापरतोय मी. फक्त ‘जुनी’ची व्याख्या द्यायला हवी होती. एक मार्क कापावा लागेल.”

ताई आधी तोंडावर हात धरून हसली, मग हात काढून. तिचं हसणं बघून मिलिंद हसला, आणि हसताना त्याचा कमरेवरचा हात सुटता सुटता राहिला. तेव्हा त्यानं मला विचारलं, “ते जॅकेट मी घालू का? खाली काकांचं आहे, वर तरी माझं काहीतरी असू दे.”

मी काढून दिलं. (काढायला बाबा आणि काका दोघं लागले.) त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं बसलं. हात मात्र त्याचाही वाकेना. समोर चहा आला आणि पेच पडला : एका हातात पँट, दुसरा हात काठीसारखा सरळ. कप हातात यायचा, पण तोंडापर्यंत जायचा नाही. आम्ही सगळे बघत बसलो. मग ताईनं त्याच्या हातातून कप घेतला आणि, आई, बाबा, मावशी, काका सगळे समोर असताना, त्याच्या ओठांना लावला.

मावशी पदराआडून म्हणाल्या, “आता सांगते ह्याच्या माईला.”

लग्न साधेपणानं विहारात झालं. पत्रिकेऐवजी पत्रक होतं, हे सांगायला नको. भरपाई म्हणून दाजींना जीन्स घेऊन द्यायला मला दुकानात जावं लागलं, नवीकोरी! शपथ मोडली असं मी मानत नाही, कारण ती माझ्या अंगासाठी नव्हती. जॅकेट दाजी अजून घालतात. वर्गात पोरं विचारतात, सर, कुठून घेतलं? दाजी सांगतात, माझंच होतं, सासरवाडीनं शिवून दिलं.

मी अधूनमधून लातूरला जातो. ताई आग्रहानं बोलावते, दाजी स्टँडवर घ्यायला येतात, दोघांचा माझ्यावर फार जीव आहे. पण मी घराची बेल वाजवली, की लगेच दार उघडत नाही. आधी गॅलरीतले कपडे भराभर आत जातात. मग दार उघडतं.